समुद्रसीमेचा वाद आणि छोट्या राष्ट्राची मुत्सद्देगिरी : तिमोर-लेस्ते आणि ऑस्ट्रेलिया, २००२ ते २०१९

२० मे २००२ रोजी तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाले आणि त्याच दिवशी, राजधानी दिली येथे, पंतप्रधान मारी अल्कातिरी यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्यासह एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. दोन्ही देशांमधल्या समुद्राच्या तळाशी असलेले तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या वाटणीचा तो करार होता. समुद्रात सीमा कुठे आहे हे मात्र त्यात ठरवलेले नव्हते. ती सीमा ठरायला पुढे जवळजवळ सोळा वर्षे लागली. पुणे जिल्ह्याएवढ्या, सुमारे १५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या आणि तेरा लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने आपल्याहून कितीतरी मोठ्या, श्रीमंत आणि शिवाय संकटकाळी मदतीला धावून आलेल्या शेजाऱ्याला वाटाघाटीला कसे बसवले, याचा हा अभ्यास आहे. या यशाचे श्रेय सहसा हेरगिरीच्या गाजलेल्या प्रकरणाला दिले जाते. कागदपत्रे आणि तारखा क्रमाने लावून पाहिल्या की वेगळेच दिसते. निर्णायक ठरली ती व्यासपीठाची निवड. आणि ती निवड करण्याची नजर या देशाच्या नेत्यांनी हाती देश नसतानाच्या चोवीस वर्षांत कमावलेली होती.

देश नसताना चालवलेले परराष्ट्र खाते

तिमोर बेटाचा पूर्व भाग ही पोर्तुगीजांची वसाहत होती. १८४४पर्यंत तिचा कारभार गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अखत्यारीत चालत असे. त्या वर्षी मकाव, सोलोर आणि तिमोर गोव्यापासून वेगळे करण्यात आले. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली तेव्हा गोवा मुक्त होऊन बारा वर्षे उलटली होती, पण तिमोरकडे कोणाचेच फारसे लक्ष नव्हते. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेटिलिन या पक्षाने स्वातंत्र्याची घोषणा केली. नऊच दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे सैन्य दिलीत उतरले आणि जुलै १९७६ मध्ये तिमोर हा इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत असल्याचे जाहीर करण्यात आले.

आक्रमणाच्या तीन दिवस आधी जोझे रामोस-होर्ता दिली सोडून बाहेर पडले होते. ऐन पंचविशीत ते नऊ दिवसांच्या राष्ट्राचे परराष्ट्रमंत्री झाले होते, आणि त्यांच्या खात्याला ना कचेरी होती ना खजिना. न्यूयॉर्कला पोहोचून त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाची बाजू मांडली. २२ डिसेंबर १९७५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ३८४ संमत करून इंडोनेशियाला सैन्य मागे घेण्यास सांगितले. ते सैन्य पुढची जवळजवळ चोवीस वर्षे हलले नाही.

आमसभेतील मतदान या काळाचे खरे चित्र दाखवते. डिसेंबर १९७५ मध्ये तिमोरच्या बाजूने ७२, विरोधात १० आणि तटस्थ ४३ असे मतदान झाले. विरोधातल्या दहांमध्ये भारत होता, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी तरी विसरू नये. इंडोनेशियाच्या समर्थनार्थ त्या वेळी गोव्याच्या मुक्तीचे उदाहरण दिले जाई, जणू पोर्तुगीज वसाहत शेजाऱ्याने ताब्यात घेणे ही दोन्हीकडे सारखीच गोष्ट होती. ती सारखी नव्हती, हे तिमोरी जनतेने १९९९ च्या सार्वमतात स्वतःच सांगितले. पण १९७५ मध्ये अलिप्त राष्ट्रांतील मोठ्या मित्राला दुखवायचे नाही, एवढाच हिशेब अनेकांनी केला. दरवर्षी तिमोरची मते घटत गेली. १९८२ मध्ये ५० विरुद्ध ४६ असा, केवळ चार मतांच्या फरकाने ठराव तरला आणि ५० देश तटस्थ राहिले.

त्या चार मतांचे मोल फार मोठे होते. १९८२ च्या ठरावाने महासचिवांना सर्व संबंधितांशी बोलणी सुरू करण्यास सांगितले होते. पुढे या विषयावर आमसभेत मतदान झालेच नाही. हरण्याची भीती असल्याने कोणी ते मागितले नाही. परंतु महासचिवांच्या देखरेखीखालील पोर्तुगाल-इंडोनेशिया बोलणी कधी संथ, कधी ठप्प अशी का होईना, चालू राहिली. १९९१ मध्ये दिलीतील सांताक्रूझ दफनभूमीत झालेले हत्याकांड, १९९६ मध्ये बिशप कार्लोस बेलो आणि रामोस-होर्ता यांना मिळालेले शांततेचे नोबेल, आणि १९९८ मध्ये आर्थिक संकटात कोसळलेली सुहार्तोंची राजवट यांमुळे परिस्थिती बदलली, तेव्हा ५ मे १९९९ चा सार्वमताचा करार याच जुन्या बोलण्यांच्या चौकटीत होऊ शकला. ३० ऑगस्ट १९९९ रोजी ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली.

या काळाने तिमोरी नेत्यांना दोन धडे दिले. एक म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा एकटा काही करू शकत नाही. दुसरा धडा असा की कुठल्यातरी यादीत, कुठल्यातरी कार्यपद्धतीत आपला विषय जिवंत ठेवला तर राजकारण बदलल्यावर तोच कायदा हाताशी येतो. पुढचे सगळे प्रकरण या दुसऱ्या धड्याचा वापर आहे, असे मला वाटते.

खिंडार कसे निर्माण झाले

१९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी समुद्रतळाची सीमा आखली. ऑस्ट्रेलियाचा दावा असा होता की त्याच्या भूखंडाचा पाण्याखालील विस्तार तिमोर बेटाजवळच्या, काही ठिकाणी तीन हजार मीटरपेक्षा खोल असलेल्या दरीपर्यंत पोहोचतो. म्हणून सीमा त्या दरीजवळ, म्हणजे तिमोरच्या अगदी जवळ असली पाहिजे. इंडोनेशियाने हे बव्हंशी मान्य केले. पोर्तुगालने मात्र दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर जाणाऱ्या मध्यरेषेचा आग्रह सोडला नाही, म्हणून पोर्तुगीज तिमोरसमोरच्या समुद्रात ती रेषा तुटली आणि तिथे खिंडार राहिले.

हे खिंडार कोणाशी बोलून बुजवणे सोपे जाईल, याचा विचार कॅनबेरात १९७५ मध्येच झाला होता. जकार्तातील ऑस्ट्रेलियाचे राजदूत रिचर्ड वूलकॉट यांनी ऑगस्ट १९७५ मध्ये आपल्या सरकारला कळवले होते की पोर्तुगाल किंवा स्वतंत्र तिमोर यांच्यापेक्षा इंडोनेशियाशी हा व्यवहार अधिक सहज जमेल. १९७९ मध्ये समुद्रतळाच्या बोलण्यांसाठी ऑस्ट्रेलियाने तिमोरच्या विलीनीकरणाला कायदेशीर मान्यता दिली. डिसेंबर १९८९ मध्ये गॅरेथ एव्हान्स आणि अली अलातास या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात या टापूतील तेल आणि वायू वाटून घेण्याच्या करारावर सह्या केल्या. खाली ज्यांचा समुद्र होता त्यांना कोणी विचारले नाही.

पोर्तुगालने १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. जून १९९५ च्या निकालात न्यायालयाने तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगाला बंधनकारक असल्याचे मान्य केले. मात्र इंडोनेशियाच्या वर्तनाचा निवाडा केल्याशिवाय या खटल्याचा निर्णय देता येत नाही आणि इंडोनेशिया तर समोर नाही, या कारणाने खटला ऐकण्यास नकार दिला. हक्क मान्य झाला, उपाय मिळाला नाही. न्यायालयाची कार्यकक्षा हीच खरी रणभूमी आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळले. ऑस्ट्रेलियालाही ते कळले होते.

दोन महिने आधी बंद केलेले दार

मार्च २००२ मध्ये, म्हणजे तिमोर-लेस्तेच्या स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, ऑस्ट्रेलियाने समुद्रसीमांचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या आणि सागरी कायद्याखालील बंधनकारक निवाड्याच्या कक्षेतून काढून घेतले. सीमा वाटाघाटींनीच ठरलेल्या बऱ्या, असे कारण देण्यात आले. तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही. पण ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही आहेत त्याला वाटाघाटी लांबवता येतात, आणि ज्याच्या सरकारचा पगार वायूच्या उत्पन्नातून निघायचा आहे त्याला त्या लांबवता येत नाहीत.

कायदा या वेळेपर्यंत तिमोरच्या बाजूने बराच झुकला होता. १९८२ च्या सागरी कायदा करारानंतर, आणि विशेषतः आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९८५ च्या लिबिया-माल्टा निकालानंतर, दोन किनाऱ्यांमधले अंतर ४०० सागरी मैलांपेक्षा कमी असेल तर तळाच्या भूरचनेला महत्त्व उरत नाही आणि सीमेची सुरुवात मध्यरेषेपासून होते, हा दृष्टिकोन रुजत गेला होता. निवाडा झाला असता तर ऑस्ट्रेलियाची बाजू लंगडी पडली असती. दार बंद करण्याचे कारण यापलीकडे शोधावे लागत नाही.

२००२ च्या करारात सामाईक क्षेत्रातील उत्पन्नाचे ९० टक्के तिमोरला आणि १० टक्के ऑस्ट्रेलियाला मिळायचे होते, आणि वरवर ते फार उदार दिसते. खरी मेख ग्रेटर सनराइझ या मोठ्या वायूसाठ्यात होती. हा साठा तिमोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १५० आणि डार्विनपासून सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. तरीही २००३ च्या करारानुसार त्याचा फक्त २०.१ टक्के भाग सामाईक क्षेत्रात धरला गेला आणि उरलेला ७९.९ टक्के ऑस्ट्रेलियाचा मानला गेला. म्हणजे तिमोरच्या पदरात जेमतेम १८ टक्के पडणार होते. त्यावर तिमोरमध्ये आणि ऑस्ट्रेलियातील नागरिकांमध्येही इतका असंतोष उसळला की जानेवारी २००६ मध्ये नवा करार झाला. त्याने सनराइझचे उत्पन्न निम्मे-निम्मे केले, पण किंमत म्हणून पन्नास वर्षे कोणीही सीमेचा प्रश्न कुठल्याही व्यासपीठावर उपस्थित करायचा नाही असे ठरले. नव्या राष्ट्राने पैशासाठी सीमेचा हक्क दोन पिढ्या गहाण टाकला होता.

या निर्णयावर टीका करणे सोपे आहे. पण १९९९ च्या सप्टेंबरमध्ये माघार घेणाऱ्या इंडोनेशियाई लष्कराने आणि त्याच्या हस्तकांनी देशातील बहुतेक इमारती जाळल्या होत्या. आंतरराष्ट्रीय सैन्याचे नेतृत्व करून तो विध्वंस थांबवणारा देश ऑस्ट्रेलियाच होता. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, जपान्यांशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना तिमोरी लोकांनी आश्रय दिला होता आणि त्याची जबर किंमत मोजली होती. कृतज्ञता दोन्ही बाजूंनी खरी होती, म्हणूनच भांडणाचा सूर लावणे दिलीतील नेत्यांना सोपे नव्हते.

हेरगिरी, धाड आणि हेग

२००६ च्या कराराची बोलणी चालू असताना, २००४ मध्ये, मदत म्हणून सरकारी कार्यालयांची दुरुस्ती करण्याच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाच्या गुप्तचर संस्थेने दिलीतील मंत्रिमंडळाच्या दालनांत ध्वनिग्राहक यंत्रे बसवली, असा तिमोरचा आरोप होता. त्या संस्थेच्याच एका माजी अधिकाऱ्याकडून ही माहिती पुढे आली. एप्रिल २०१३ मध्ये तिमोरने लवादाची मागणी केली : बोलणी सद्भावनेने झाली नाहीत, म्हणून २००६ चा करार अवैध ठरवावा. ३ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी तिमोरचे कॅनबेरातील वकील बर्नार्ड कोलेरी यांच्या कार्यालयावर धाड घालून कागदपत्रे नेली. पंधरा दिवसांच्या आत तिमोर हेगला पोहोचले, आणि ३ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती कागदपत्रे मोहोरबंद ठेवण्याचा व तिमोर आणि त्याचे वकील यांच्यातील संपर्कात ढवळाढवळ न करण्याचा हंगामी आदेश दिला. २०१५ मध्ये कागदपत्रे परत मिळाल्यावर हा खटला मागे घेण्यात आला.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही कहाणी उचलली, आणि ती उचलण्यासारखी होतीच. ज्यांनी सत्य बाहेर आणले त्यांना वर्षानुवर्षे खटल्यांना तोंड द्यावे लागले. कोलेरी यांच्यावरील आरोप २०२२ मध्ये मागे घेतले गेले, तर त्या माजी अधिकाऱ्याला २०२१ मध्ये निलंबित शिक्षा झाली होती. तरीही मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने या लढाईची मर्यादा ओळखली पाहिजे. लवाद जिंकला असता तर फार तर २००६ चा करार रद्द झाला असता. त्याने सीमा आखली गेली नसती, कारण सीमा आखण्याचा अधिकार असलेली दोन्ही दारे २००२ पासून बंदच होती.

उघडे राहिलेले दार

सागरी कायदा कराराच्या कलम २९८ नुसार एखाद्या राष्ट्राला समुद्रसीमेचे वाद बंधनकारक निवाड्याबाहेर ठेवता येतात, परंतु त्या सवलतीला एक अट जोडलेली आहे : वाद करार अमलात आल्यानंतरचा असेल आणि वाजवी काळात तोडगा निघाला नसेल, तर दुसऱ्या पक्षाने मागणी केल्यास समेट आयोगापुढे यावेच लागते. आयोगाचा अहवाल बंधनकारक नसतो; हजर राहणे आणि त्या अहवालाच्या आधारे बोलणी करणे एवढेच बंधनकारक असते. निकालाची सक्ती नसलेल्या या मार्गाकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. करार अमलात येऊन दोन दशके लोटली तरी जगातील एकाही राष्ट्राने तो वापरलेला नव्हता.

तिमोर-लेस्तेने जानेवारी २०१३ मध्ये हा करार स्वीकारला आणि ११ एप्रिल २०१६ रोजी समेट आयोगाची मागणी केली. त्याच्या काही आठवडे आधी दिलीतील ऑस्ट्रेलियन दूतावासासमोर हजारो लोकांनी निदर्शने केली होती. मुख्य वाटाघाटीकार होते शानाना गुझमाव : डोंगरातून सशस्त्र प्रतिकार चालवणारे, जकार्ताच्या तुरुंगात राहिलेले, आणि पुढे देशाचे पहिले राष्ट्रपती व नंतर पंतप्रधान झालेले.

आयोगात पाच सदस्य होते. तिमोरने सिएरा लिओनचे अब्दुल कोरोमा आणि जर्मनीचे र्‍यूडिगर वोल्फ्रम यांना निवडले, ऑस्ट्रेलियाने रोझली बाल्किन आणि कॅनडाचे डोनाल्ड मॅक्रे यांना. अध्यक्ष म्हणून डेन्मार्कचे पीटर ताक्सो-येन्सन आले, जे त्या वर्षांत डेन्मार्कचे भारतातील राजदूत होते. ऑस्ट्रेलियाने सुरुवातीलाच आयोगाच्या अधिकाराला आव्हान दिले. २००६ च्या कराराने पन्नास वर्षे गप्प बसण्याचे ठरले असताना हा प्रश्न उपस्थित करताच येणार नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १९ सप्टेंबर २०१६ रोजी आयोगाने तो फेटाळला आणि आपल्या कामाची बारा महिन्यांची मुदत त्या दिवसापासून मोजली.

काळही तिमोरला अनुकूल होता, आणि तो निवडण्यात कौशल्य होते असे मी मानतो. १२ जुलै २०१६ रोजी फिलिपिन्स-चीन प्रकरणात दक्षिण चीन समुद्राबाबतचा निवाडा आला आणि ऑस्ट्रेलियाने चीनला तो पाळण्याचे जाहीर आवाहन केले. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, हेगमध्ये समेट आयोगाची सुनावणी सुरू झाली आणि तिचे उद्घाटनाचे सत्र सर्वांना पाहता येईल असे प्रक्षेपित झाले. नियमांवर आधारलेल्या जागतिक व्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या देशाला, शेजारच्या एका गरीब राष्ट्रासमोर, त्याच नियमांपासून सूट मागावी लागत होती. ऑस्ट्रेलियातील विरोधी मजूर पक्षाने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच सत्तेवर आल्यास नव्याने बोलणी करण्याचे आश्वासन दिले होते, त्यामुळे हा मुद्दा कॅनबेरातल्या राजकारणातही पोहोचलेला होता.

यानंतर आयोगाने जे केले ते या प्रकरणातील सर्वात शिकण्यासारखे आहे. निवाडा करण्याचा अधिकार नसल्यामुळे त्याने दोन्ही बाजूंशी बंद दाराआड, बहुतेकदा वेगवेगळे बसून, विश्वास निर्माण करण्याचे उपाय ठरवले. जानेवारी २०१७ मध्ये दोन्ही सरकारांनी आणि आयोगाने मिळून जाहीर केले की तिमोर २००६ चा करार संपुष्टात आणेल आणि ऑस्ट्रेलिया त्याला हरकत घेणार नाही. २००२ च्या करारानुसार चालू तेलक्षेत्रांचे काम मात्र पूर्ववत चालेल, म्हणजे गुंतवणूक करणाऱ्या कंपन्या घाबरणार नाहीत. बदल्यात तिमोरने हेरगिरीवरून मागितलेला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा आणखी एक, असे आपले दोन्ही लवाद मागे घेतले. हेरगिरीचा लवाद इथे खऱ्या अर्थाने कामी आला : निकाल मिळवण्यासाठी नव्हे, सोडून देण्यासाठी. संतापाचे हत्यार योग्य क्षणी खाली ठेवून त्याच्या बदल्यात सीमेची बोलणी मिळवण्याचा हा निर्णय देशांतर्गत राजकारणात कठीण होता, आणि तो घेणाऱ्यांचे मोठेपण त्यात आहे.

३० ऑगस्ट २०१७ रोजी, १९९९ च्या सार्वमताला बरोबर अठरा वर्षे झाली त्या दिवशी, कोपनहेगनमध्ये कराराच्या मुख्य मुद्द्यांवर एकमत झाले. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये महासचिव अँतोनियो गुतेरेस यांच्या उपस्थितीत ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री ज्युली बिशप आणि तिमोरचे मंत्री अजियो परेरा यांनी करारावर सह्या केल्या. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, सार्वमताच्या विसाव्या वर्धापनदिनी, तो अमलात आला.

काय मिळाले, काय सोडावे लागले

दक्षिणेकडची सीमा दोन किनाऱ्यांमधल्या मध्यरेषेवर आली. जुने सामाईक क्षेत्र संपले आणि त्यातील बायू-उंदान हे क्षेत्र पूर्णपणे तिमोरचे झाले. ग्रेटर सनराइझ दोन्ही देशांच्या सीमेवर राहिले, पण वाटणी बदलली : वायू तिमोरच्या किनाऱ्यावर आणला तर तिमोरला ७० टक्के, ऑस्ट्रेलियात नेला तर ८० टक्के. २००३ मध्ये १८ टक्के, २००६ मध्ये ५० आणि २०१८ मध्ये किमान ७०, हा प्रवास आकड्यांतच बोलका आहे.

परंतु मागचे काही परत मिळाले नाही. लामिनारिया-कोरालिना या क्षेत्रातून ऑस्ट्रेलियाने अनेक वर्षे घेतलेल्या उत्पन्नाची, किंवा जुन्या करारांखाली मिळालेल्या वाट्याची, भरपाई कोणीही मागायची नाही असे नव्या करारातच लिहिले आहे. तिमोरमधील अनेकांना ही अट आजही बोचते. माझ्या मते ती टाळता येण्यासारखी नव्हती, कारण अहवाल बंधनकारक नसलेल्या प्रक्रियेत समोरच्याला सही करण्याचे कारण द्यावेच लागते; पण टाळता येण्यासारखी नव्हती म्हणजे न्याय्य होती असे नव्हे.

वायुवाहिनी कुठे जाणार, हा प्रश्न आयोगालाही सुटला नाही. बायू-उंदानचा वायू २००६ पासून डार्विनला गेला आणि त्याबरोबर कारखाना, रोजगार आणि कौशल्येही तिथेच गेली. म्हणून सनराइझचा वायू आपल्या दक्षिण किनाऱ्यावर यावा असा गुझमाव यांचा आग्रह होता. वाहिनी खोल दरी ओलांडून न्यावी लागेल आणि खर्च फार येईल, असे कंपन्यांचे म्हणणे. सह्यांच्या काही दिवस आधी गुझमाव यांनी आयोगाला लिहिलेल्या पत्रात या मुद्द्यावर पक्षपाताचा कडक आरोप केला. करार झाल्यावर तिमोरने कोनोकोफिलिप्स आणि शेल यांचे हिस्से एकूण ६५ कोटी डॉलरना विकत घेऊन सनराइझमधील आपला हिस्सा ५६.५६ टक्क्यांवर नेला. एवढे करूनही २०२५ पर्यंत तिथून वायू बाहेर आला नाही, आणि त्याच वर्षी बायू-उंदानचे उत्पादन संपले. २००५ मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर स्थापन केलेल्या पेट्रोलियम निधीतून सरकारी खर्चाचा मोठा भाग आजवर भागला, पण त्या निधीत आता नवे पाणी येत नाही. सीमा मिळवणे परराष्ट्र खात्याच्या हाती होते. त्या सीमेतून उत्पन्न काढणे त्याच्या हाती नाही.

बाकीचे शेजारी

ऑस्ट्रेलियाशी एवढा ताठरपणा दाखवणाऱ्या तिमोरने इंडोनेशियाशी मात्र अगदी वेगळे धोरण ठेवले. १९९९ च्या अत्याचारांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाची मागणी रेटण्याऐवजी दोन्ही देशांनी २००५ मध्ये सत्य आणि मैत्री आयोग नेमला. पीडितांच्या संघटनांना हे पटले नाही आणि त्यांचे दुःख मला पूर्णपणे समजते. परंतु ज्याच्याशी एकमेव जमीन सीमा आहे, ज्याच्या बाजारातून माल येतो, ज्याच्या विद्यापीठांत तरुण शिकतात, त्या देशाशी वैर धरून तिमोर जगू शकले नसते. जकार्तातील दूतावासाखेरीज कुपांग आणि देनपसार येथे तिमोरच्या वकिलाती आहेत. जुन्या नात्यांचा हाच माग इतरत्रही दिसतो : लिस्बनमध्ये दूतावास आहे तो वसाहतीच्या इतिहासामुळे, तर मोझांबिकमधील मापुतो येथे आहे तो अल्कातिरींसारख्या नेत्यांनी निर्वासित म्हणून तिथे काढलेल्या वर्षांमुळे.

स्वातंत्र्याच्या दिवशीच राजनैतिक संबंध जोडणाऱ्या चीनने दिलीत राष्ट्रपतिभवन आणि परराष्ट्र मंत्रालयाची इमारत बांधून दिली. आसियान या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेचे सदस्यत्व तिमोरने २०११ मध्ये मागितले आणि ते २६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरमध्ये मिळाले. अकरावा सदस्य होण्यासाठी चौदा वर्षे लागली, कारण आसियानच्या वर्षभर चालणाऱ्या शेकडो बैठकांना पुरतील एवढे प्रशिक्षित अधिकारी या देशाकडे आहेत का, हाच सभासदांचा मोठा प्रश्न होता. भारताने दिलीत दूतावास उघडण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या. १९७५ च्या त्या मतदानापासून इथवर येण्यास आपल्याला जवळजवळ अर्धशतक लागले.

समुद्रसीमेचे एक काम अजून उरले आहे. २०१८ च्या रेषेची पूर्व आणि पश्चिम टोके हंगामी आहेत. इंडोनेशियाशी सीमा ठरल्यानंतर ती हलवण्याची तरतूद करारातच आहे. ती बोलणी आता आसियानच्या दोन सदस्यांमध्ये व्हायची आहेत, आणि १९७२ मध्ये स्वीकारलेल्या रेषेबद्दल जकार्तालाही स्वतःचे प्रश्न आहेत. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारातून मिळालेली मध्यरेषा तिमोर तिथे आपली सुरुवातीची भूमिका म्हणून मांडू शकेल, पण या वेळी समोर कोणते दार उघडे आहे आणि कोणते बंद, हे दिलीला पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागणार आहे.